दोरीवर टांगलेला धडा

आमच्या शाळेत एक लोखंडी कपाट होतं आणि त्यात शैक्षणिक साहित्य होतं. तक्ते, नकाशे, मण्यांच्या माळा, शब्दकार्डं, प्लास्टिकची केळी. ते साहित्य इतकं मोलाचं होतं की मुलांना त्याच्या वाऱ्यालाही उभं करत नसत. किल्ली मोठ्या गुरुजींच्या, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांच्या खिशात. अधिकारी येणार असले की कपाट उघडायचं, तक्ते भिंतीवर चढायचे, केळी टेबलावर यायची आणि साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडली की सगळं मोजून परत आत जायचं. मुलांनी हाताळलं की साहित्य खराब होतं, असं गुरुजींचं म्हणणं. त्यात खोटं काही नाही. वाचली की पुस्तकंही खराब होतात, म्हणून तीसुद्धा त्याच कपाटात असत.

मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. सगळी नोकरी भिवंडी तालुक्यातल्या खेड्यांत प्राथमिक शिक्षिका म्हणून झाली. भिवंडी म्हटलं की बाहेरच्या माणसाला लूम आठवतात. पण वडप्याच्या बाजूला महामार्गाला लागलात की लूमचा खडखडाट मागे राहतो आणि गोदामं सुरू होतात. माझी शेवटची शाळा अशाच दोन गोदामांच्या मधे होती. दोन खोल्या, एक व्हरांडा, एक मैदान, आणि शिकवायला गुरुजी आणि मी. कंटेनर मागे घेताना जे गाणं वाजतं ना, त्याच्या सुरावर आमची मुलं प्रार्थना म्हणत. सुरुवातीला मी रागवायचे. मग लक्षात आलं की तेवढाच एक सूर त्यांना पक्का येतो.

तिसरी आणि चौथी एकत्र माझ्याकडे. तिथे मी जे केलं त्याला सरकारी नाव आहे, आणि ते नाव मला भिवंडीत एका प्रशिक्षणात कळलं. प्रशिक्षण म्हणजे काय, ते ज्यांनी घेतलेलं नाही त्यांना सांगते. एका हॉलमधे साठ-सत्तर शिक्षक, बंद पडलेला पंखा, सुरू न होणारा प्रोजेक्टर आणि जेवणाची सुट्टी कधी होते याकडे लागलेले डोळे. तज्ज्ञ मॅडम पुण्याहून आल्या होत्या. त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात 'संश्लेषण' असं लिहिलं आणि हे म्हणजे काय, असं विचारलं. मागच्या बाकावरून एका गुरुजींनी सांगितलं की वनस्पती सूर्यप्रकाशात करतात ते. मॅडम म्हणाल्या, ते प्रकाशसंश्लेषण, हे वाचताना करायचं संश्लेषण. त्या गुरुजींनी वहीत लिहून घेतलं की हे प्रकाश नसतानाही करता येतं.

मॅडमनी मग एक तक्ता दाखवला. एकात एक पाच रंगीत वर्तुळं, दगड पाण्यात टाकल्यावर उठतात तशी. मुलाने गोष्ट थोडी वाचायची, काय वाटलं ते आतल्या वर्तुळात लिहायचं. पुढे वाचायचं, विचार बदलला की बाहेरच्या वर्तुळात लिहायचं. शेवटी सगळ्यात बाहेरचं वर्तुळ हाती लागतं. तक्ता सुंदर होता. आम्ही सगळ्यांनी मोबाईलवर त्याचा फोटो काढला, कारण प्रशिक्षणाचा पुरावा द्यावा लागतो. त्यानंतर जेवण झालं. वांग्याची भाजी चांगली होती.

मला मात्र ती वर्तुळं डोक्यातून जाईनात. कारण एवढी वर्षं मी वाचन शिकवत होते ते कसं, हे त्या दिवशी नीट कळलं. धडा मोठ्याने वाचा. आता प्रश्नोत्तरं. राजू बाजारात कशासाठी गेला? राजू बाजारात गूळ आणण्यासाठी गेला. शाबास, बस खाली. ज्याला ओळीतला शब्द उचलून परत माझ्या हातात देता आला तो हुशार. राजू का गेला, त्याच्या आईने धाकट्याला का नाही पाठवलं, घरात त्या दिवशी काय असेल, हे मी विचारलं नाही आणि मुलांनी सांगितलं नाही. माझ्या हाताखालून गेलेली कित्येक मुलं गूळ आणून परत आली, यापलीकडे त्यांचं वाचन कधी गेलंच नाही. ते आता आठवलं की वाईट वाटतं.

संश्लेषण म्हणजे काय ते मी घरच्या भाषेत सांगते. कांदा वेगळा, डाळ वेगळी, चिंच वेगळी. आमटी उकळली की जी चव येते ती यातल्या एकातही नव्हती, पण आली यांच्यातूनच. वाचताना तसं झालं पाहिजे. गोष्टीत कुठे लिहिलेलं नाही, पण गोष्टीनेच सांगितलेलं, असं काहीतरी मुलाच्या हाती लागलं पाहिजे. गोष्ट परत सांगणं म्हणजे संश्लेषण नव्हे. ते काम पोपटही करतो, आणि त्याला पोषण आहारही लागत नाही.

रंगीत वर्तुळांचा तक्ता मागवायला पैसे नव्हते, आणि आला असता तरी कपाटात गेला असता. म्हणून मी वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक दोरी बांधली. घरून कपड्यांचे चिमटे आणले. कागदाऐवजी पुठ्ठा घेतला, कारण आमच्या गावात पाणी एक दिवसाआड येतं पण पुठ्ठा चोवीस तास असतो. गोष्टीचा एक तुकडा वाचायचा, थांबायचं, मनात जे दिसलं ते पुठ्ठ्याच्या तुकड्यावर काढायचं आणि टांगायचं. टांगताना बोलायचं, 'आधी मला असं वाटलं.' पुढचा तुकडा वाचला की नवं चित्र आणि 'आता मला असं वाटतं.' जुनं चित्र फाडायचं नाही, खोडायचं नाही. चुकीचा विचारही दोरीवरच राहणार. शेवटी सगळ्यांनी मागे भिंतीला टेकून पूर्ण दोरी बघायची आणि एका मोठ्या पुठ्ठ्यावर एकच चित्र काढायचं. ते चित्र आधीच्या कुठल्याही चित्रासारखं चालणार नाही, एवढीच अट.

पुठ्ठा मागितला आणि पालकांमधे उत्साह पसरला. एका मुलाचे वडील गोदामात लोडिंगला होते, मूळचे आझमगढकडचे. ते एका सकाळी डोक्यावर भला मोठा खोका घेऊन दारात उभे. म्हणाले, "मॅडम, टीव्ही का डब्बा है, एकदम नया. शॅम्पू के डब्बे पे ड्रॉइंग अच्छा नहीं आता." दुसऱ्या एका आईने मात्र तक्रार केली की आमच्या पोराला तुम्ही भंगारवाला करणार का. तिची समजूत घालता घालता मला घाम फुटला. शेजारच्या खासगी शाळेत मुलांना टाय मिळतो आणि तुम्ही पुठ्ठा देता, असा तिचा मुद्दा होता.

पहिली गोष्ट मीच रचली. एक म्हातारी रोज दोन भाकऱ्या करते. एक स्वतः खाते, एक उंबऱ्यावर ठेवते. इथपर्यंत वाचलं आणि दोरीवर सगळे भिकारी लटकले. पुढच्या तुकड्यात एक कुत्रा येऊन भाकरी नेतो. दोरीवर कुत्रे आले, त्यातले दोन फार चावरे दिसत होते. मग एके दिवशी कुत्रा येत नाही. भाकरी तशीच राहते, आणि त्या दिवशी म्हातारीला स्वतःची भाकरीही गोड लागत नाही. गोष्ट संपली. बऱ्याच मुलांनी भाकरी काढली, एकाने खड्ड्यात पडलेला कुत्रा काढला.

तिसरीतली निकिता म्हणून एक मुलगी होती. गावातल्याच शेतकरी घरातली, बाप गोदामाच्या फाटकावर वॉचमन. वाचायची अडखळत. जोडाक्षर आलं की रस्त्यात गाय बसल्यासारखी थांबायची. सरकारी चाचणीत तिच्या नावापुढे 'अप्रगत' असं लिहून मीच सही केली होती. तिने मोठ्या पुठ्ठ्यावर म्हातारीच्या हाताला धरून तिला चालवत नेणारा कुत्रा काढला. मी विचारलं, हे कुठे आहे गोष्टीत? ती म्हणाली, "आधी मला वाटलं, कुत्र्याला भूक लागते म्हणून म्हातारी भाकरी करते. आता वाटतं, कुत्रा येतो म्हणून म्हातारी सोताला भाकरी करते." मी त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्याला ते वाक्य तीनदा ऐकवलं. अप्रगतचा शेरा मात्र तसाच राहिला, कारण तो भरायची तारीख उलटून गेली होती.

चांगली गोष्ट झाकून राहत नाही, आणि सरकारी शाळेत तर ती ताबडतोब नासवली जाते. गुरुजींनी दोरीचा फोटो केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. त्यावर अंगठे आले, फुलं आली, आणि आठवडाभरात निरोप आला की तालुक्याचे साहेब हा उपक्रम बघायला येणार, व्हिडिओ निघणार आणि तो वर जाणार. वर म्हणजे कुठे हे आम्हाला कधीच कळलेलं नाही.

गुरुजी माणूस वाईट नव्हते, पण साहेब येणार म्हटलं की ते दिसेल ते सारखं करत सुटायचे. त्यांनी ताबडतोब माझी दोरी काढून नायलॉनची आणवली. पुठ्ठे ओबडधोबड दिसतात म्हणून त्यांची चारी बाजूंनी सारखी कापाकापी केली. मग मला बाजूला घेऊन म्हणाले की मुलं ऐन वेळी काहीबाही बोलली तर आपली शोभा होईल, तेव्हा कोणाला आधी काय वाटलं आणि आता काय वाटतं हे हजेरी क्रमांकाप्रमाणे ठरवून द्या.

आणि मी ते केलं. हे लिहिताना लाज वाटते, पण केलं. ज्या मुलांना विचार बदलायला शिकवलं त्यांच्याकडून मी बदललेला विचार आठवडाभर पाठ करून घेतला. क्रमांक चार, तुला आधी भिकारी वाटला. क्रमांक नऊ, तुला आता दुःख वाटतं. निकिताला मी एकही वाक्य दिलं नाही, कारण ती अडखळते आणि व्हिडिओत ते बरं दिसलं नसतं. तिला चिमटे हातात देण्याचं काम दिलं.

साहेब आले. सोबत दोघेतिघे, आणि आमच्या शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. गावातले मोठे जमीनदार. शाळेच्या मागच्या त्यांच्या जमिनीवर गोदाम उभं होतं. शाळेला त्यांनी पंखे दिले होते, पाण्याची टाकी दिली होती आणि प्रत्येक वस्तूवर शाळेच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात आपलं नाव घातलं होतं. ते पुढच्या खुर्चीत बसले. मोबाईल वर झाले. मुलांनी घोकलेलं सगळं धडाधड म्हणून दाखवलं, क्रमांक नऊला ठरल्याप्रमाणे दुःख वाटलं, आणि साहेब खूश झाले. एवढ्यावर थांबले असते तर सगळं सुरळीत पार पडलं असतं. पण खूश झालेल्या साहेबाला मुलांशी संवाद साधायची इच्छा होते. त्यांनी विचारलं, काय रे मुलांनो, हे सगळं पुस्तकातलंच वाचता की पुस्तकाबाहेरचंही काही वाचता?

निकिताने हात वर केला. चिमटे खाली ठेवून ती दप्तराकडे गेली आणि चार पुठ्ठे घेऊन आली. आमच्या कापाकापीतून सुटलेले, वेडेवाकडे. कोणी काही म्हणायच्या आत तिने ते दोरीवर टांगायला सुरुवात केली.

पहिल्यावर आमच्याच शाळेची मागची भिंत होती, तिच्यावर लाल फुल्या. फीत घेऊन माणसं आली होती आणि भिंतीवर लाल रंगाने खुणा करून गेली होती, हे आम्ही सगळ्यांनी बघितलं होतं. दुसऱ्यावर ग्रामपंचायतीचा फळा. त्यावरची सूचना तिने एकेक अक्षर बघून उतरवून आणली होती : शाळेकडून आलेल्या पत्रानुसार धोकादायक इमारत पाडणे व विद्यार्थ्यांची सोय शेजारच्या गावी करणे. तिसऱ्यावर गोदामाच्या फाटकाची पाटी, जिथे तिचे वडील ड्युटीला होते : मोठ्या गाड्यांसाठी नवे प्रवेशद्वार लवकरच. पुढे बाण. चौथ्यावर नाक्यावरचा बॅनर, हात जोडलेले अध्यक्ष आणि खाली गोदामवाल्यांनी त्यांना दिलेल्या शुभेच्छा. मिशी तिने बरोबर काढली होती.

मग ती आमच्याकडे वळली. बोलताना ती एकदाही अडखळली नाही. "आधी मला वाटलं, शाळा जुनी झाली म्हणून पाडणार. मग वाटलं, पाडून नवी बांधणार. मग बाणाची पाटी वाचली. बाण शाळेकडं हाय. आता मला वाटतं, शाळा पडायला न्हाय आली. गाड्या वळायला जागा पायजेल."

वर्गात एक मोबाईल हळूच खाली आला, मग बाकीचे. अध्यक्ष छताकडे बघायला लागले, बहुधा ते किती धोकादायक आहे हे तपासत असावेत. साहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं, मॅडम, हे धड्यात आहे का?

या जागी एखाद्या चांगल्या बाईने काय केलं असतं ते मला माहीत आहे. मी म्हणाले, "निकिता, बस खाली. धड्यातलं बोल."

ती बसली. साहेबांनी शेरेबुकात लिहिलं की उपक्रम स्तुत्य आहे, साहित्य अधिक टिकाऊ करावे. चहा झाला, गाडी गेली, अध्यक्षही गेले. गुरुजींनी येऊन निकिताचे चार पुठ्ठे काढले आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. मुलांनी केलेलं साहित्य त्या कपाटात जायची ती पहिलीच वेळ.

मी मात्र दोरीसमोर उभी होते आणि माझ्या डोक्यात दुसऱ्या पुठ्ठ्यातले तीन शब्द फिरत होते. शाळेकडून आलेल्या पत्रानुसार. शाळेकडून पत्र गेलं असेल तर ते माझ्याच हातून गेलं असणार, कारण माझं अक्षर चांगलं आहे. सरकारी शाळेत चांगलं अक्षर असणाऱ्या माणसाचे हाल कुत्रा खात नाही. अहवाल, ठराव, अर्ज, मागणीपत्रं, सगळं त्याच्याकडे. महिन्याभरापूर्वी मधल्या सुट्टीत मुलं खिचडी खात असताना गुरुजींनी मला अडीच पानांचा कच्चा मसुदा आणून दिला होता. वरून मागितलंय, सुवाच्य अक्षरात उतरवून काढा म्हणाले. मी एका डोळ्याने खिचडीच्या रांगेकडे बघत तो उतरवून दिला. अक्षर सुंदर आलं होतं एवढंच आठवतं. आत काय होतं ते मी वाचलं नव्हतं.

ती भिंत मी रोज बघत होते. त्या फळ्यावरून, त्या पाटीखालून रोज येत-जात होते. चारही गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर, आणि वाचताना संश्लेषण कसं करावं हे तालुक्याला दाखवणारी बाई मी. हसावं की रडावं ते कळेना. शेजारच्या गावची शाळा महामार्गाच्या पलीकडे आहे. तिथे पूल नाही, सिग्नल नाही, आणि कंटेनरच्या ड्रायव्हरला पहिलीतलं पोर काचेतून दिसतही नाही. आमची अठ्ठावीस मुलं रोज दोनदा तो रस्ता ओलांडणार होती, आणि ती व्यवस्था माझ्या वळणदार अक्षरात लिहिली गेली होती.

निकिता दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. गुरुजी म्हणाले, घरी जाऊन समजूत घाला, पोरीच्या जातीने असं चारचौघांत बोलू नये. शाळा सुटल्यावर गेले. निकिता ओटीवर बसून धाकट्या भावाला अक्षरं गिरवून दाखवत होती. माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. तिची आजी पाणी घेऊन आली. कमरेत वाकलेली, पण आवाज खणखणीत. मी काहीतरी गोल गोल बोलायला लागले की निकिता हुशार आहे, पण कुठे काय बोलावं हे तिला अजून कळत नाही. आजीने मला मधेच थांबवलं.

"बाई, बाकीचं ऱ्हाऊ द्या. पोरगी बोलली ते खरं हाय का न्हाय, येवढंच सांगा. ह्यो धाकटा पुढच्या साली पहिलीला जायचा हाय."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. नोकरीची दोन वर्षं राहिली होती. पेन्शनचे कागद त्याच कार्यालयातून जायचे होते. मुलांना मी सांगत आले की चुकीचं चित्रही दोरीवर राहू द्या, झाकू नका. ते त्यांच्यापुरतं होतं. शेवटी म्हणाले, "खरं आहे. आणि ते पत्र मी लिहिलंय."

आजीने निकिताकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिने रागवावं म्हणून मी वाट बघत होते, पण ती एवढंच म्हणाली की मग सोमवारच्या ग्रामसभेला या.

एरवी आमच्याकडे ग्रामसभेला पंधरा माणसं असतात आणि त्यातली दहा सदस्यांचे भाऊ. त्या सोमवारी आजीने बायका जमवल्या होत्या. ग्रामसेवकांनी विषय वाचला. अध्यक्ष उठले आणि शांतपणे म्हणाले की यात माझा काहीच संबंध नाही, इमारत धोकादायक आहे हे मी म्हणत नाही, शाळा स्वतः म्हणते. त्यांनी पत्र उंच धरलं. "बगा, बाईंचं अक्षर हाय. सगळा गाव वळखतो."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. गुरुजी दुसऱ्या रांगेत होते, त्यांनी मान फिरवून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं. मी उठले.

"अक्षर माझं आहे," मी म्हणाले. "पत्र मी उतरवून काढलं, वाचलं नाही. परवा शाळेतली प्रत काढून वाचली. त्यातलं काहीही खरं नाही. व्हरांड्याचे दोन पत्रे गळतात, एवढंच आहे."

मग मागून कोणीतरी म्हणालं की वाचायला शिकवणारी बाई, आणि न वाचता लिहिते. सभा हसली. बायकाही हसल्या, आणि अध्यक्षांना तर हसू आवरेना. एवढ्या वर्षांच्या नोकरीत गावाने मला इतकी मनापासून कधी दाद दिली नव्हती. मी उभीच राहिले, कारण बसायची शुद्ध नव्हती. हसणं ओसरल्यावर निकिताची आजी उठली आणि म्हणाली, "हसा. बाईनी वाचलं न्हाय, तिच्या वर्गातल्या पोरीनी वाचलं. तुमच्यातल्या कोणी वाचलं?"

ठराव त्या दिवशी झाला नाही. सरकारी इंजिनीअर येऊन इमारत बघेल असं ठरलं. तो यथावकाश आला, भिंतींवर हातोडीने ठोकलं, आणि व्हरांड्याचे दोन पत्रे बदलावेत असा अहवाल देऊन गेला. मैदानाची एक कड नंतर गेली, ती आम्हाला वाचवता आली नाही. आता कंटेनर तिथून वळतात आणि खो-खोचा एक खांब कुंपणाला टेकून रोवावा लागतो. शाळा मात्र आहे.

ग्रामसभेनंतर दहाएक दिवसांनी मला कारणे दाखवा नोटीस आली. वरिष्ठांच्या पूर्वपरवानगीशिवाय जाहीर सभेत शाळेच्या पत्रव्यवहाराबाबत बोलून शिस्तभंग केला, सबब आपल्यावर कारवाई का करू नये. गुरुजी बिचारे माझ्यासाठी खरंच घाबरले होते. त्यांनी साहेबांशी बोलून मधला मार्ग काढला होता आणि माफीचा मसुदाही तयार करून आणला होता. मधल्या सुट्टीत माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "मॅडम, तुमच्या अक्षरात फक्त उतरवून काढा. विषय संपला."

मी तो मसुदा वाचला. भावनेच्या भरात मी असत्य विधान केले, असं तिसऱ्या ओळीत होतं. गुरुजींना तो परत दिला आणि त्यांच्यासमोरच माझा खुलासा लिहायला बसले. पान भरलं नाही. पत्र न वाचता लिहिलं ही माझी चूक आहे, ती मला कबूल आहे. वाचल्यावर जे कळलं ते बोलले, ही चूक नाही. खाली सही केली.

मुलं खिचडीची ताटं धुऊन वर्गात येत होती. मी निकिताला टेबलाजवळ बोलावलं आणि तो कागद तिच्या हातात दिला. तिने ओल्या हाताचं बोट फ्रॉकला पुसलं, ओळीखाली ठेवलं आणि वाचायला लागली. जोडाक्षरांशी थांबली, पुढे गेली, खालच्या सहीपर्यंत आली. मग परत वर जाऊन सगळं पुन्हा वाचलं. गुरुजी दारात ताटकळत उभे होते. तिने कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "द्या पाठवून."